मागच्या बाजूचं हाड

१४ ऑक्टोबर

नवलदादा, जोहार.

गेल्या मार्गशीर्षात पुनवेच्या सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो. डोंगरदेवाची रात्र संपवून सगळे गडावरून उतरत होते. ज्यांच्या अंगात देवाचं वारं येतं त्या माऊल्या पुढे, आमशा भगत मध्ये, मी फुंकायची भोपळ्याची पावरी घेऊन मागे. ओहोळापाशी आलो तसा मी पायात काटा गेल्याचं सांगून खाली बसलो. सगळे वळणाआड गेल्यावर पावरी दगडावर ठेवली, तिच्याकडे पाठ केली आणि चूळ भरली. पाणी लाल झालं. पुन्हा भरली, तेही लाल. निवळ पाणी येईपर्यंत मी तिथेच बसलो. मग घरापर्यंत लंगडत आलो, कारण काटा सांगितला होता.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. घरी धनुबाईला सांगावी लागली नाही. तोंड पुसलेला माझा रुमाल तिनेच धुतला, तोही बायका धुतात त्या घाटावर नाही, खालच्या डोहात.

तुला हे का लिहितो ते तू ओळखलं असशील. याच गडावर तुझ्या तोंडातून रक्त आलं होतं. तुझं लपलं नाही. ते भोपळ्याच्या तोंडावर उतरलं आणि शेकोटीच्या उजेडात सगळ्यांनी पाहिलं. आमशा भगत म्हणाला, ज्या तोंडात रक्त आहे त्या तोंडाची हाक देवापर्यंत जात नाही. व्रत कोणी मोडलं, यावर लोक कुजबुजू लागले. पावरी माझ्या मांडीवर ठेवलीस आणि अंधारात उतरून गेलास. होळीपर्यंत तू गुजरातेत व्याऱ्याला भाताच्या गिरणीवर राखणदार झाला होतास. तुझी रुपा तेव्हा अंगावर पीत होती. आता तीच तुला हे वाचून दाखवते आहे. (रुपा बेटा, तू गुजराती शाळेत शिकलीस, म्हणून अक्षर मोठं काढतो. अडलं तर मागची ओळ पुन्हा वाच.)

फोनवर हे बोललो असतो. पण माझा नंबर दिसला की तू फोन रुपाकडे देतोस.

आता माझे खालचे पुढचे दात हलतात. आश्रमशाळेत पोरांसाठी भाकरी भाजतो आणि स्वतः भातच खातो. पावरी तोंडाला टेकवली की कळ जाते. नवापूरच्या दातांच्या डॉक्टरने छोटा फोटो काढला. त्यात दात उभे होते, हाडही बरं दिसत होतं. तो म्हणाला, फोटो एक सांगतो आणि तुमचे दात दुसरंच सांगतात, नंदुरबारला जाऊन सगळ्या बाजूंनी दिसणारा फोटो काढून घ्या. दिवाळी झाली की जातो.

मला भीती दाताची नाही. ती कशाची आहे ते तुला माहीत आहे.

तुझा उदेसिंग

२५ ऑक्टोबर

नवलदादा, जोहार.

चिंचपाड्याहून पॅसेंजरने नंदुरबारला गेलो. धनुबाई बरोबर आली. मी म्हटलं, तू कशाला, तर म्हणाली, "तू डॉक्टरला काटा गेल्याचं सांगशील."

यंत्र एका लहान खोलीत आहे. तिथला माणूस चुडामण, बोलायला अहिराणी. त्याने मला उभं केलं, हनुवटी एका टेकूवर ठेवायला लावली आणि प्लास्टिकची काडी दातांत धरायला दिली. "दादा, कानमधल्या बाळ्या काढ. गयामा काय शे ते बी काढ." गळ्यात देवाचा दोरा होता, त्यात तांब्याचा मणी. मी थांबलो. तो म्हणाला, "अरे, देवले काय व्हनार नही. फोटूमा मन्याना डाग पडस." मी दोरा धनुबाईच्या हातात दिला.

"आते हालू नको भो. मुंडी हालनी तं दोन तोंडना फोटू ई जाई."

धनुबाई दारातून म्हणाली, "येऊ दे. एखादं तोंड तरी खरं बोलेल."

चुडामण हसला आणि बाहेर गेला. यंत्राचा हात माझ्या डोक्याभोवती फिरला, बैल घाण्याभोवती फिरतो तसा, पण एकच फेरा. आवाज थोडा घूं घूं असा. मी डोळे मिटून गडाची आठवण केली. डोळे उघडले तोवर झालं होतं.

डॉक्टर निशा म्हणून एक तरुण बाई आहेत. त्यांनी आम्हा दोघांना पडद्यासमोर बसवलं. आधी नवापूरचा छोटा फोटो दाखवला. "काका, या फोटोत पुढचं हाड आणि मागचं हाड एकावर एक पडतं. पुढची भिंत उभी असली की मागची पडलेली दिसत नाही." मग त्यांनी नवा फोटो उघडला. दादा, तो फोटो म्हणजे जबडाच होता. त्यांनी तो बोटाने फिरवला. माझा जबडा मी जिभेच्या बाजूने, आतून पाहिला. असं कोणी स्वतःला पाहत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

खालच्या पुढच्या चार दातांच्या मागे हाड नव्हतं. मुळं उघडी, टोकापर्यंत. पुढून पातळ पापुद्रा तेवढा उरलेला. भाताच्या खाचराचा बांध खेकडे खालच्या अंगाने पोखरतात, वरून गवत हिरवं असतं आणि एक दिवस पाय ठेवला की बांध बसतो. मी तसं म्हणालो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगदी तसंच. खेकडा इथे हिरडीच्या आत आहे."

मग त्यांनी विचारलं, बिडी ओढता का. म्हटलं, ओढतो, पण मार्गशीर्षात व्रत असतं तेव्हा दारू, मटण, बिडी, सगळं बंद. आणि त्याच दिवसांत रक्त येतं. व्रत सुटलं की थांबतं.

त्यांनी लिहिणं थांबवलं. "दर वर्षी तेव्हाच येतं?"

"हो."

"काका, आजार वर्षभर असतो. बिडीने हिरडीचं रक्त आटतं, म्हणून तो बाहेर दिसत नाही. बिडी बंद केली की हिरडीत रक्त परत खेळतं आणि मग ती वाहते. तुम्ही व्रत मोडलं म्हणून रक्त आलं नाही. व्रत नीट पाळलं म्हणून आलं."

दादा, ही ओळ रुपाकडून पुन्हा वाचून घे.

मग मीच विचारलं, "मग देवाचं काय?" त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. मी हाडाचं सांगते." मला ते उत्तर आवडलं.

हाडाचं असं आहे. ते चार दात राहणार नाहीत. बाजूचा सुळा आणि वरचे दात बिडी सोडली आणि हिरड्या आतून साफ करून घेतल्या तर वाचतील. पण त्या चारांच्या मुळाशी पू धरला आहे. ते लवकर काढायला हवेत. मी पावरीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, जखम भरली की बसवलेल्या दातांनी पुढच्या वर्षी फुंकता येईल, या वर्षी नाही. पू धरलेल्या जबड्यावर भोपळा दाबून रात्र रात्र फुंकलं तर सुळाही जाईल.

त्यांनी आणखी एक विचारलं. घरात कोणाला असं आहे का. मी म्हटलं, बापाचे दात असेच गेले. आणि मोठा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, त्यांना घेऊन या.

उदेसिंग

४ नोव्हेंबर

नवलदादा, जोहार.

रुपाचा फोन आला होता. तिने सांगितलं, पत्र वाचून झालं तेव्हा तू यंत्राचा भाग परत वाचायला लावलास आणि विचारलंस, मुंडकं आत घालावं लागतं का. नाही दादा, बाहेरच असतं. यंत्रच फिरतं.

तुझा निरोपही तिने दिला. "त्याला सांग, माझ्या तोंडात काय होतं ते देवाला ठाऊक. आता यंत्राला विचारून काय करू." पोरगी घाबरत घाबरत बोलली. मग तिने आपल्या मनाने सांगितलं की तू भाकरी चहात भिजवून खातोस आणि वरचे दोन दात तू स्वतःच दोरा बांधून काढलेस. तिला रागावू नकोस.

मी आमशा भगताकडे गेलो. म्हातारा आता फार थकला आहे, अंगणात ऊन खात बसतो. डॉक्टरबाईंनी फोटो फोनवर दिला होता तो त्याच्यापुढे धरला. त्याने फोन लांब धरला, जवळ धरला.

"हे कोणाचं डोकं?"

"माझंच."

"मेल्यावर निघतं ते तुला जिवंतपणी दाखवलं. किती दिवस जगणार म्हणाली ती?"

"दातांचंच बोलली, बाबा."

मी त्याला सगळं सांगितलं. बिडीचं, हिरडीचं, रक्ताचं. गेल्या मार्गशीर्षात ओहोळावर मी काय केलं तेही. तो ऐकत होता आणि हिरड्यांवरून जीभ फिरवत होता. त्याच्या तोंडात आता एकही दात नाही.

मग म्हणाला, "माझे पडले तेव्हा मी म्हटलं, वय झालं. नवलचं रक्त आलं तेव्हा म्हटलं, देव रुसला. माझ्या तोंडाला एक न्याय आणि त्याच्या तोंडाला दुसरा."

त्याची सून चहा घेऊन आली, तेव्हा तो तिला म्हणाला, "याला बशीत दे, याचं तोंड माझ्यासारखं झालंय." मग मला म्हणाला, "यंदा कोण फुंकणार?"

दादा, प्रश्न तोच आहे. यंदाचा नवस सरलाबाईचा आहे. तिचा मुलगा झाडावरून पडून वर्षभर अंथरुणाला होता, आता चालतो. तसं ती डोंगरदेवाला बोलली आहे. थाळीच्या सुरावर देवाची कथा गायला माणूस आहे. पावरीला मी सोडून कोणी नाही. डोंगरापलीकडच्या पाड्यातला म्हातारा वाजवणारा पावसाळ्यात वारला. पावरी नसेल तर माऊल्यांना वारं येत नाही, आणि वारं नाही तर गडावर जाऊन काय करायचं.

मी भगताला म्हटलं, नवल आहे. तो म्हणाला, "आहे. पण त्याला कोणत्या तोंडाने बोलावू?"

उदेसिंग

१३ नोव्हेंबर

नवलदादा, जोहार.

डॉक्टरबाईंनी दात काढायला दिलेली तारीख मी चुकवली. त्यांचा फोन आला, मी शाळेत पाहुणे आहेत म्हटलं. पाहुणे नव्हते. शाळेला दिवाळीची सुट्टी चालू आहे.

मी ठरवलं होतं की पुनव होऊ द्यावी आणि मग दात काढावेत. काल तिन्हीसांजेला पावरी काढून अंगणात बसलो. भोपळा तोंडाला लावला, गाल भरले. देवाला उठवायची चाल सुरू केली, ती तू मला नदीत उभं करून शिकवली होतीस. तू म्हणायचास, श्वास तुटला तर पाण्यात बुडवीन, आणि एकदा बुडवलंसही. चाल अर्ध्यावर होती तोच कळ डोक्यापर्यंत गेली. मी थांबलो नाही. धनुबाई चुलीपुढून उठून आली आणि समोर उभी राहिली. मी थांबेपर्यंत उभी राहिली.

"देवाला काय तुझेच दात लागतात?"

मी म्हटलं, "सरलाबाईचा नवस आहे."

"नवस तिचा, जबडा तुझा, भाऊ तिकडे गिरणीवर कोंबड्यांपासून धान्याची राखण करतो. आणि तू रक्त गिळणार. गेल्या साली गिळलंस तेव्हा मी गप्प राहिले. यंदा राहणार नाही."

ती आत गेली. भाकरी करपली होती, तिचा दोषही माझ्यावरच घातला.

मी तिथेच बसून राहिलो. मनात काय होतं ते तुलाच लिहू शकतो. रक्ताचा अर्थ आपण लावला होता, देवाने तो सांगितला नव्हता, हे मला पटलं. पण मग पुढचा विचार येतो. रक्त जर आजाराचं असेल तर वारं कशाचं? आपण फुंकतो, माऊली थरथरते, तिच्या डोळ्यांत दुसरंच कोणी येतं. ते मी किती वेळा पाहिलं आहे, तूही पाहिलं आहेस. ते सोडून द्यायला माझं मन तयार नाही आणि डॉक्टरबाईंनी सोड असं म्हटलंही नाही. एवढं मात्र कळतं की मी पुनवेपर्यंत गप्प राहून फुंकलं तर ते देवासाठी नसेल. लोकांनी माझ्या तोंडात बघू नये म्हणून असेल. आणि मी गप्प राहीन तोवर गावात तुझ्याबद्दल तेच बोललं जाईल जे तेव्हा बोललं गेलं.

रुपाने सांगितलं, गिरणीचा पट्टा सुरू झाला की तुझी बोटं काठीवर हलतात. मी तिला विचारलं, कोणती बोटं आधी. तिला ते सांगता आलं नाही.

मी तुला ये असं म्हणत नाही. तू नाही म्हणून निरोप दिला आहेस. मी माझं काय करतो ते तेवढं कळवीन.

उदेसिंग

२० नोव्हेंबर

नवलदादा, जोहार.

तोंड सुजलं आहे, बोलायची बंदी आहे, म्हणून आज पत्र लांब होईल.

रविवारी देवाच्या थानापुढे सगळे बसले होते. व्रताला कोण बसणार, शिधा कोण देणार, हे ठरत होतं. सरलाबाई पुढे होती, तिचा मुलगा काठी टेकत आला होता. मी उभा राहिलो आणि म्हटलं, यंदा मी फुंकणार नाही.

सरलाबाई म्हणाली, "माझ्या नवसाच्या वर्षीच तुझे दात हलायला लागले का?"

मी म्हटलं, "आधीच हलत होते, मावशी. मी लपवलं."

मग सांगितलं. गेल्या साली गडावर माझ्याही तोंडात रक्त होतं आणि मी ते गिळलं, हे सांगितलं. मागे कोणीतरी म्हणालं, "म्हणून पाऊस उशिरा आला." दुसरा म्हणाला, "गप रे, पाऊस व्याऱ्यालाही उशिराच आला." थोडे हसले. मी फोटो दाखवला, फोन हातोहात फिरला. बायकांनी जास्त वेळ पाहिला. एकीने आपल्या नवऱ्याला तोंड उघडायला लावलं तिथेच. मी म्हटलं, ज्याने बिडी सोडून व्रत पाळलं त्याचं रक्त दिसलं. नवलने व्रत मोडलं नव्हतं. त्याने ते आपल्या सगळ्यांपेक्षा नीट पाळलं असेल.

एवढं बोलून मी खाली बसलो.

सगळे आमशा भगताकडे बघू लागले. तो बसूनच बोलला, त्याला आता उठवत नाही. म्हणाला, "मी त्या रात्री बोललो ते मला दिसलं तसं बोललो. ते चुकलं. त्याचा दंड देवाने माझ्याकडून घ्यावा, नवलकडून पुष्कळ घेतला." मग त्याने नारळ मागवला, त्याला कुंकू लावलं आणि तुझ्या नावाने थानापुढे ठेवला. तो फोडलेला नाही. पावरी वाजवणाऱ्यासाठी ठेवतात तसा ठेवला आहे.

सरलाबाईने विचारलं, "आणि तो आलाच नाही तर?"

मी म्हटलं, "तर यंदा थाळीवर कथा होईल, गडावर जाऊ आणि मुकाट्याने दिवा लावून येऊ. नवस तुझा फिटेल. देव बहिरा नाही."

ती मुलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नवलला सांग, मी त्या रात्री कुजबुजणाऱ्यांत होते. त्याला सांग म्हणजे झालं." ते मी सांगितलं.

पावरी मी घरी ठेवली नाही. घरी असती तर पुनवेला माझा हात गेला असता. ती भगताच्या ओसरीवर आढ्याला टांगली आहे, नळ्यांना नवं मेण लावून. भोपळ्याचं तोंड मी नीट पुसलं आहे.

काल सकाळच्या गाडीने आम्ही नंदुरबारला गेलो. चुडामण दारातच भेटला, म्हणाला, "उनात का दादा? आमले वाटनं, पयी गया." धनुबाई म्हणाली, "पळालाच होता, धरून आणला." डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. पडद्यावर माझा जबडा परत लावून ठेवला होता, मागच्या बाजूने. त्यांनी भावाचं विचारलं. मी म्हटलं, त्याला पत्र लिहिलं आहे. त्या म्हणाल्या, जितके दात उरले असतील तितक्यांसाठी तरी या म्हणावं. त्यांनी तुझं नाव लिहून घेतलं आहे. नवल, व्यारा, एवढंच मी सांगितलं.

बिडीचं बंडल खिशात होतं. व्रत दोन दिवसांनी सुरू होणार, तोवर एखादी चालेल असं मनात होतं, ते तुला खोटं कशाला लिहू. ते मी धनुबाईकडे दिलं आणि सांगितलं, पुनवेनंतरही परत देऊ नकोस.

खुर्चीत बसलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, मनाची तयारी नसेल तर पुनवेनंतर बघू, पण मग सुळ्याची खात्री मी देणार नाही." मी गडाच्या दिशेला मनात हात जोडले. तोंड उघडलं. सुई टोचली, जीभ जड झाली, आणि थोड्या वेळाने चारही दात त्यांनी ताटलीत ठेवले. मी रक्त गिळलं नाही. सगळ्यांसमोर थुंकलं.

उदेसिंग